ब्युटॉक्साइडचा डबा उघडण्याआधी

अगं, "बेस टाकायचा आणि ढवळायचं, एवढंच तर आहे मावशी" असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की हे सगळं लिहूनच पाठवायचं. पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइडची रिॲक्शन खरंच तेवढीच असते. ती बिघडते त्याच्या आधी, डबा उघडतो तिथे. बॅच अडली की लोक तापमान बदलतात, सॉल्व्हंट बदलतात, सबस्ट्रेटला नावं ठेवतात. बेस मात्र बाटलीतच मेलेला असतो आणि त्याचं डेथ सर्टिफिकेट कोणी काढलेलं नसतं. आमच्या पिढीत हे कोणी शिकवलं नाही, जो तो आपापल्या बॅचेस घालवून शिकला. तुझ्यावर ती वेळ यायचं कारण नाही.

आधी गणित बघ. ब्युटॉक्साइडचा रेणुभार ११२.२, पाण्याचा १८. दोघं एकास एक भेटतात आणि मागे उरतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि टर्शरी ब्युटेनॉल. म्हणजे १ ग्रॅम पाणी सव्वासहा ग्रॅम बेस संपवतं. आता तुझ्या टेबलावरचं काम घे: १ मिलिमोल सबस्ट्रेट, ११२ मिलिग्रॅम बेस, २० मिली टीएचएफ. त्या टीएचएफमध्ये पाणी ०.०५ टक्के, म्हणजे ५०० पीपीएम. ऐकायला काहीच वाटत नाही. पण २० मिलीत ते जवळपास ९ मिलिग्रॅम भरतं आणि ५५ मिलिग्रॅम बेस खाऊन टाकतं. निम्मा बेस गेला, आणि तू अजून सबस्ट्रेट घातलेलाही नाहीस! मग टीएलसीवर निम्मं स्टार्टिंग मटेरियल तसंच दिसतं, वहीत "रिॲक्शन अडली" असं लिहिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तापमान वाढवायला सांगतो.

तीच रिॲक्शन प्लांटमध्ये लिटरला १ मोल या हिशेबाने चालव. तेवढंच ओलं टीएचएफ तिथे जेमतेम अडीच टक्के बेस खातं. म्हणून प्लांटवाले म्हणतात, "आमच्याकडे चालते, आर अँड डीवाल्यांचीच अडते." ते खोटं बोलत नसतात. प्रमाण जितकं लहान, तितकं जास्त कोरडं राहायचं, हे उलटं वाटणारं गणित डोक्यात पक्कं बसव. आणि टीएचएफचा केएफ स्वतः कर, तोही आजच्या आज. कालचा आकडा कालच्या हवेचा.

हवेवरून आठवलं. तुझं तळोजा काय, अंबरनाथ, महाड, लोटे काय, आपले कितीतरी केमिकल कारखाने नेमके कोकणच्या पावसात बसलेत. जून ते सप्टेंबर तिथली आर्द्रता नव्वदीच्या घरात जाते. त्या दिवसांत ५०० ग्रॅमची बाटली रोज उघडायची आणि रोज बंद करायची म्हणजे हप्त्याहप्त्याने हायड्रॉक्साइड बनवायचं. उन्हाळ्यात कुरडया-पापड करून पावसाळ्याची बेगमी करतो ना, तसंच इथेही करायचं. जानेवारी-फेब्रुवारीतला कोरडा दिवस बघायचा, ग्लव्ह बॉक्स असेल तर त्यात, नसेल तर नायट्रोजन भरलेल्या ग्लव्ह बॅगमध्ये मोठी बाटली फोडायची आणि १०-१० ग्रॅमच्या घट्ट झाकणाच्या व्हायल्स भरून ठेवायच्या. एक व्हायल एका कामाची. उरलं तर परत बाटलीत ओतायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. झाकणावर पॅराफिल्म गुंडाळलं की काम झालं असं समजू नकोस. त्याच्यावर विसंबून चालत नाही. व्हायल्स डेसिकेटरमध्ये ठेव, पण खाली गंधकाम्ल भरलेल्या जुन्या पद्धतीच्या डेसिकेटरमध्ये चुकूनसुद्धा नको. फ्रिजमध्ये ठेवायची काही लोकांना हौस असते. ठेवायचंच असेल तर बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकणाला हात लावू नकोस. जुलैत गार बाटली उघडली की आतल्या पावडरवर दव पडतं.

तोलताना बटर पेपरवर ११२ मिलिग्रॅमचा काटा जुळवत बसायचं नाही. तू शेवटचे दोन कण चमच्याने काढत असतेस तेवढ्यात ढीग वरून विरघळायला लागलेला असतो. कोरडा आरबी टेअर कर, नायट्रोजनखाली अंदाजे पावडर टाक, झाकण लाव, वजन घे. १३१ आलं तर १३१. त्याप्रमाणे सबस्ट्रेटचं वजन बदल. सबस्ट्रेट हवेत पळून जात नाही.

चांगली पावडर पांढरीशुभ्र, सुटी, बाटली हलवली की वाहणारी असते. वरती पापुद्रा, कडेला खडे, पिवळसर छटा दिसली की सावध हो. झाकण उघडताच कापरासारखा वास आला, तर तो टर्शरी ब्युटेनॉलचा. म्हणजे ओल आत शिरून गेली. मुद्दाम नाक लावून हुंगू नकोस हं, ही पावडर नाकात गेली की आतली कातडी भाजते. वास यायचा असेल तर तो आपणहून येतो.

आता जे सांगते ते नीट वाच, कारण ह्यात मुरलेले लोकही फसतात. क्यूसीचा रिपोर्ट येतो, "ॲसे ९९.२ टक्के". तो कसा काढतात? नमुना पाण्यात टाकून हायड्रोक्लोरिक ॲसिडने टायट्रेट करतात. पाण्यात टाकलं की ब्युटॉक्साइडचं हायड्रॉक्साइडच होतं. म्हणजे बाटलीत ब्युटॉक्साइड होतं की आधीच हायड्रॉक्साइड झालं होतं, हे ब्युरेटला कळायचा प्रश्नच नाही. ती फक्त एकूण अल्कली मोजते. गंमत पुढे आहे. समज १०० ग्रॅम मालातला १० ग्रॅम खराब झाला आणि त्यातून सुटलेलं ब्युटेनॉल उडून गेलं. त्या १० ग्रॅमचं ५ ग्रॅम हायड्रॉक्साइड उरलं. वजन झालं ९५ ग्रॅम, अल्कली मात्र पूर्वीएवढीच. टायट्रेशन सांगतं १०५ टक्के! ॲसे शंभरच्या वर गेला की लोक "माल कडक आहे" म्हणून खूश होतात. शंभरच्या वरचा ॲसे दिसला की मी तो डबा बाजूला काढायला लावायची.

पाणी किती आहे बघू म्हणून सरळ केएफमध्ये टाकशील तर तेही चालत नाही. तीव्र अल्कली अभिकर्मकाचा पीएच बिघडवते आणि हायड्रॉक्साइड स्वतःच त्यात पाणी निर्माण करतं, त्यामुळे आकडा भलताच येतो. मग करायचं काय? साधी युक्ती आहे. २ ग्रॅम पावडर २० मिली कोरड्या टीएचएफमध्ये नायट्रोजनखाली ढवळ. ब्युटॉक्साइड टीएचएफमध्ये छान विरघळतं. २५ अंशांना १०० ग्रॅम टीएचएफ २५ ग्रॅमपर्यंत पोटात घेतं. हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट विरघळत नाहीत. हलकी धूसर छटा नव्या मालातही दिसते, तिच्याने घाबरू नकोस. पण तळाला गाळ बसला तर तो मेलेला भाग. गाळ बसू दे, वरचं नितळ द्रावण सिरिंजने मोजून काढ आणि त्याचं टायट्रेशन कर. तो आकडा कामाचा. पुरवठादाराचं सीओए हे माल त्यांच्या दारातून निघाला त्या दिवसाचं असतं, तुझ्या दाराशी आला त्या दिवसाचं नाही.

पाण्याने बेस नुसता कमी होतो असंही नाही. काही वेळा तो दुसराच उद्योग करतो. पॉल गॅसमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९७६-७७ च्या सुमाराला दाखवलं की ब्युटॉक्साइडमध्ये मोजून थोडं पाणी घातलं की इथरमध्ये जवळजवळ उघडा हायड्रॉक्साइड तयार होतो. एरवी दाद न देणारे अडचणीतले एस्टर आणि टर्शरी अमाइडसुद्धा तो खोलीच्या तापमानाला फोडतो. गॅसमनने हे मुद्दाम केलं, आपल्याकडे ते नकळत होतं. तुझा एस्टर शाबूत राहायला हवा होता आणि वर्कअपच्या पाण्याच्या थरात आम्ल सापडलं, तर वर्कअपला दोष देण्याआधी बेसची बाटली बघ.

सॉल्व्हंटकडे येऊ. टोल्युइनमध्ये हा बेस १०० ग्रॅमला सव्वादोन ग्रॅमच जातो, हेक्सेनमध्ये पाव ग्रॅमच्या आसपास, टर्शरी ब्युटेनॉलमध्ये जवळपास १८. टोल्युइनमध्ये स्लरी असते हे लक्षात ठेवून ढवळणं जोरात ठेव. विरघळलेला असला तरी तो एकेकटा फिरत नाही. चार पोटॅशियम आणि चार ऑक्सिजन यांचा घन बनवून राहतो, घनरूपातही आणि टीएचएफमध्येही. ही टोळी फोडली की त्याची ताकद वाढते. १८-क्राउन-६ घातलं की पोटॅशियम त्यात अडकतो आणि ब्युटॉक्साइड मोकळा होतो, पण ते महाग पडतं आणि प्लांटमध्ये कोणी घालू देत नाही.

डीएमएसओ मात्र घालू देतात, आणि तिथे हा बेस ओळखू येत नाही इतका बदलतो. टर्शरी ब्युटेनॉलचा पीकेए पाण्याच्या मापाने १८ च्या आसपास, डीएमएसओमध्ये ३२ च्या वर. डोनाल्ड क्रॅम, ज्याला १९८७ चं नोबेल क्राउन इथरच्याच घराण्यातल्या कामासाठी मिळालं, त्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर कसून काम केलं होतं. एका नायट्राइलचं रेसिमायझेशन अल्कॉक्साइडने मिथेनॉलमध्ये आणि डीएमएसओमध्ये करून पाहिलं, तर वेगात सुमारे १०० कोटी पटींचा फरक! त्यानेच वोल्फ-किश्नर रिडक्शन, ज्याला एरवी २०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, ते ब्युटॉक्साइड आणि डीएमएसओ वापरून खोलीच्या तापमानाला करून दाखवलं. त्यातली खुबी अशी की तयार हायड्राझोन तासन् तास अगदी हळू घालायचा. घाईने घातला तर दोन रेणू एकमेकांना धरून अझिन बनतो आणि यील्ड जातं. ॲलिल इथरचा दुहेरी बंध सरकवून तो काढून टाकायचा, ही शर्करा रसायनातली जुनी युक्तीही याच जोडीवर चालते.

म्हणून डीएमएसओ हे कमजोर बेसला दिलेलं टॉनिक आहे असं समजून वापरू नकोस. टीएचएफमध्ये जो प्रोटॉन सुरक्षित असतो, तो डीएमएसओमध्ये राहील याची खात्री नाही. कायरल सेंटरशेजारी कार्बोनिल असेल तर आधी लहान प्रमाणात ईई तपास. आणि डीएमएसओ तीव्र बेसबरोबर तापवायची रिॲक्शन पायलटला द्यायची असेल, तर आधी डीएससी किंवा आरसी-वन करून घेतल्याशिवाय सही करू नकोस. डीएमएसओ गरम झाला की स्वतःच विघटित होऊन उष्णता सोडतो आणि सोबतच्या रसायनांमुळे विघटन सुरू व्हायचं तापमान आणखी खाली येतं. इथे मी मुलाहिजा ठेवला नाही कधी, तूही ठेवू नकोस. डीएमएफचं दुखणं वेगळं: ओला बेस त्याला फोडून डायमिथिलअमाइन सोडतो. माशासारखा वास येतो आणि तुझ्या क्लोरो-ॲरोमॅटिकवर डायमिथिलअमिनो गट लागून एक अनोळखी इंप्युरिटी उगवते. मास स्पेक्ट्रममध्ये क्लोरीनची जागा डायमिथिलअमिनोने घेतलेली दिसली की ती हीच.

टर्शरी ब्युटेनॉल वापरताना एक गोष्ट. ते २५ अंशांच्या थोडं वर वितळतं, ८२ ला उकळतं. हिवाळ्यात बाटली दगड होते, कोमट पाण्यात उभी करायची. डिसेंबरच्या गार सकाळी सगळ्या बाटल्या गोठल्या आणि एकच पातळ राहिली, तर त्या एकीत पाणी आहे असं समज; थोड्याशा पाण्यानेही त्याचा वितळणबिंदू बराच खाली येतो. डिस्टिल करताना कंडेन्सरमध्ये गार पाणी सोडलंस तर नळीत बर्फ होऊन रस्ता बंद होईल आणि खाली दाब चढेल. कोमट पाणी फिरव.

आता आग. कोरड्या पावडरवर ॲसिटोन, मिथाइल इथाइल किटोन, इथाइल ॲसिटेट, मिथेनॉल, डायक्लोरोमिथेन असल्या सॉल्व्हंटचे थेंब पडले तर काही क्षणांत किंवा काही मिनिटांत पेट घेते. ब्रेथरिकच्या धोकादायक रसायनांच्या हँडबुकात याची नोंद आहे, लॅबमध्ये ते पुस्तक असेल तर काढून वाच. यात सगळ्यात फसवा ॲसिटोन, कारण आपला हात सवयीने त्याच्याच धुण्याच्या बाटलीकडे जातो. स्पॅच्युला, फनेल, व्हायल, कशालाही ब्युटॉक्साइड चिकटलेला असेल तर आधी टोल्युइन किंवा हेप्टेनने भिजव, मग टर्शरी ब्युटेनॉल थोडं थोडं, मग पाणी. ॲसिटोन सगळ्यात शेवटी. क्लोरोफॉर्मची गोष्ट आणखी निराळी. १९५४ मध्ये डोअरिंग आणि हॉफमन यांनी क्लोरोफॉर्मवर हाच बेस वापरून डायक्लोरोकार्बीन बनवलं आणि सायक्लोहेक्सीनवर बसवून दाखवलं. कार्बीन रसायनाचा तो पाया म्हणतात, पण फ्लास्कमध्ये. वेस्टच्या कॅनमध्ये नव्हे. वेस्ट कॅनमध्ये आधीपासून क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एकत्र असतील आणि वर तू अल्कली ओतलीस, तर ती तिघं मिळून कॅन फोडू शकतात. ब्युटॉक्साइडचं वेस्ट वेगळ्या कॅनमध्ये, क्वेंच करूनच.

मी काम केलेल्या एका कंपनीत, नाव घेत नाही, बॅच संपल्यावर ड्रममधल्या प्लॅस्टिकच्या लायनर पिशव्या हेल्परने भंगाराच्या ढिगावर टाकल्या. पिशव्या रिकाम्या होत्या. म्हणजे सुपरवायझरच्या मते रिकाम्या. दुपारी पावसाची एक भुरभुर आली. ढिगात कागद आणि चिंध्या होत्याच. धूर दिसला तेव्हा आधी कोणी पाण्याचा पाइप ओढायला धावला; सिक्युरिटीतल्या एका जुन्या माणसाने त्याला अडवून वाळू आणवली. हा माल यूएन ३२०६ मध्ये मोडतो, आपोआप तापणारा आणि क्षरणकारी असे दोन्ही शिक्के त्याच्यावर आहेत. म्हणून पिशवी झटकून रिकामी झाली असं मानायचं नाही, ती आत ब्युटेनॉल-टोल्युइनने धुऊन, निवळूनच बाहेर जाऊ द्यायची. हे बॅच रेकॉर्डमध्ये लिहून घे. लिहिलं नाही तर शिफ्ट बदलली की विसरतात. आग लागली तर कोरडी वाळू किंवा ड्राय पावडर, पाणी नाही.

पाठ्यपुस्तकं याला "बोजड, न्यूक्लिओफाइल नसलेला बेस" म्हणून सोडून देतात. अर्धं खरं आहे. २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेनवर इथॉक्साइड टाकलं तर दोन-तृतीयांशाच्या वर अधिक प्रतिस्थापित अल्कीन मिळतं; ब्युटॉक्साइड टाकलं की पारडं उलटतं आणि ७० टक्क्यांच्या वर टोकाचं अल्कीन येतं. गर्दीतला प्रोटॉन त्याला गाठता येत नाही, म्हणून मोकळ्यावरचा उचलतो. लांब साखळीच्या प्राथमिक ब्रोमाइडवर मिथॉक्साइड जवळजवळ सगळं इथर देतं, ब्युटॉक्साइड ८५ टक्क्यांच्या आसपास अल्कीन. पण उरलेले १५ टक्के इथरच असतात, ते कोणी वाचत नाही. मिथाइल आयोडाइडपुढे हा बोजड बेस निमूट इथर बनवतो. फ्लोरोपिरिडीनसारख्या रिंगवर फ्लोरीन हटवून स्वतः बसतो. मिथाइल एस्टरबरोबर जास्त वेळ ठेवलास तर टर्शरी ब्युटाइल एस्टर तयार होतो. डीकमन किंवा क्लेझेनसारख्या कामात इथाइल एस्टरला सोडियम इथॉक्साइड पुरत असेल तर तेच वापर, स्वस्त पडतं आणि एस्टरची अदलाबदल झाली तरी कळत नाही, कारण दोन्हीकडे इथाइलच असतं. तुझ्या सरांना "ब्युटॉक्साइडच का?" हे विचारायला लाजू नकोस. पुष्कळदा उत्तर "पेपरमध्ये होतं म्हणून" असं मिळेल.

जिथे हा खरोखर शोभतो ते ठिकाण बघायचं असेल तर सिल्डेनाफिलची व्यावसायिक कृती वाच. फायझरच्या लोकांनी ती २००० साली छापली. शेवटची पायरी म्हणजे टर्शरी ब्युटेनॉलमध्ये ब्युटॉक्साइडने रिंग बंद करणं. पाणी निघून रिंग बंद होते, प्रॉडक्ट पोटॅशियम मीठ होऊन द्रावणात राहतं, आणि शेवटी आम्ल घालून उदासीनच्या जवळ आणलं की स्वच्छ पडतं. शेवटच्या पायरीत हेवी मेटल नाही, कॉलम नाही, साइड प्रॉडक्ट नगण्य. बेस त्याच्याच अल्कोहोलमध्ये वापरल्याने अदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही. अशी निवड करता यायला हवी.

घालायच्या क्रमावर मी बरीच भांडणं केली आहेत. विटिगमध्ये फॉस्फोनियम मीठ आधी व्हॅक्यूममध्ये वाळव, टीएचएफमध्ये स्लरी कर, शून्य अंशांना बेस घाल आणि अर्धा तास थांब. पिवळाधमक रंग यायला हवा आणि टिकायला हवा. आला आणि फिका होत गेला, तर कुठूनतरी हवा किंवा पाणी येतंय. आल्डिहाइड घालण्याआधी तेच शोध. एनोलाइझ होणारा किटोन असेल तर किटोनमध्ये बेस घालायचा नाही, बेसमध्ये किटोन हळू सोडायचा, नाहीतर निम्मा एनोलेट उरलेल्या किटोनशीच अल्डॉल करून बसतो. प्लांटमध्ये मात्र पावडर मॅनहोलमधून टाकायची पद्धत मला कधीच पटली नाही. खाली टीएचएफची वाफ, वरून सुकी पावडर, स्टॅटिक चार्ज, आणि तोंडावर ऑपरेटर. २० टक्क्यांचं टीएचएफमधलं द्रावण विकत मिळतं, ते नायट्रोजनच्या दाबाने ओढून घे. थोडे पैसे जास्त पडतात. परचेसवाला कुरकुर करेल, करू दे.

स्वतः पोटॅशियम धातूपासून बनवायच्या भानगडीत पडू नकोस. धातू ६३ अंशांना वितळतो, म्हणजे ब्युटेनॉलच्या रिफ्लक्समध्ये त्याच्या वितळलेल्या गोळ्या हायड्रोजन सोडत फिरतात. आणि जुन्या पोटॅशियमवर पिवळी-नारिंगी साय आली असेल तर ते सुपरऑक्साइड. तेलासकट चाकूने कापताना स्फोट झालेले आहेत. शिवाय इतकं करून हाती येतं ते ब्युटेनॉलला एकास एक धरून बसलेलं. ते सोडवायला दीडशे अंशांवर व्हॅक्यूममध्ये तापवावं लागतं. अगदीच शुद्ध हवा असेल, काही नाजूक कॅटॅलिटिक काम असेल, तर विकतचा माल १ मिलिमीटर व्हॅक्यूमला २२० अंशांच्या आसपास सब्लाइम करून घे. पांढरी भुकटी थंड बोटावर जमते, बघायला छान वाटतं. २०१५ मध्ये नेचरमध्ये ग्रब्ज आणि स्टोल्ट्झ यांच्या गटाने फक्त ब्युटॉक्साइडच्या उत्प्रेरणाने हेटेरोॲरोमॅटिक रिंगवर सिलिकॉन बसवल्याचं छापलं, तेव्हापासून तरुण मंडळी या बेसकडे नव्या नजरेने बघतात. तसलं काही करणार असशील तर एक लॉट सब्लाइम केलेला आणि एक साधा, दोन्ही शेजारी चालव. धातूचे अंश सगळीकडे असतात.

क्वेंच करताना रिॲक्शनमध्ये पाणी ओतण्यापेक्षा रिॲक्शनच गार पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये सोडावी हे मला बरं वाटतं. उष्णता पसरते आणि प्रॉडक्टला अल्कली झोंबत नाही. अमोनियम क्लोराइड पुस्तकी आहे, पण मोठ्या बॅचला अमोनियाने सगळ्यांचे डोळे भरून येतात. जॉइंटवर सिलिकॉन ग्रीस लावशील तर बेस तिला खातो आणि सॉकेट कायमचं धरून बसतं. टेफ्लॉन स्लीव्ह वापर, आणि फ्लास्कच्या तोंडावर सांडलेली पावडर पुसल्याशिवाय स्टॉपर बसवू नकोस.

अंगावर पावडर पडली तर आधी कोरड्या कापडाने झटकायची, मग भरपूर पाणी. डोळ्यात गेली तर झटकत बसायचं नाही, थेट आयवॉश, पापण्या उघड्या धरून निदान २० मिनिटं, आणि धुता धुता दुसऱ्या कोणीतरी गाडी बोलवायची. अल्कली आम्लासारखी वरच्या वर थांबत नाही, आत शिरत जाते. म्हणून गॉगल डबा उघडण्याआधी चढवायचा. तुमच्या लॅबमधला आयवॉश खरंच चालतो का, हे उद्या सकाळी जाऊन पायडल दाबून बघ आणि मला कळव.